शिंप्याचा डावा हात

चाळीस वर्षांत आपल्या बोटाला सुई शिवलेली नाही, हे शिंपी गिऱ्हाइकाचं माप घेण्याआधी सांगत असे. गिऱ्हाईक नवं असेल तर दोनदा.

घरात या कौतुकाला काडीची किंमत नव्हती. लेक लांबच्या गावी नोकरीला निघाली, तेव्हा हा गडी मान खाली घालून काजं करत बसला होता. बायको म्हणाली, "तुम्ही बधिर आहात," आणि अंथरूण उचलून आतल्या खोलीत गेली. त्याला आठ महिने झाले. बोलणं सुरू होतं, पण 'जेवा' आणि 'झालं' एवढंच.

मग एका दुपारी आतला पंखा बंद पडला. बायको बाहेर, शिंपी पडला होता त्या चटईवर, हातभर अंतर राखून आडवी झाली. झोपेला अंतर कळत नाही. तिचं डोकं शिंप्याच्या डाव्या दंडावर येऊन टेकलं. दोन तास त्यानं श्वाससुद्धा मापून घेतला. हात आधी जड झाला, मग परक्याचा झाला, शेवटी तो आहे की नाही हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागलं.

दाराशी वकीलसाहेब आले तशी ती दचकून उठली आणि पुन्हा शेजारीण झाली. साहेबांना तासाभरात कोर्टात उभं राहायचं होतं आणि कोटाचं अस्तर उसवलं होतं. शिंप्यानं लोंबता हात उजव्या हातानं उचलून अस्तरात घातला आणि झपाझप टाके मारले.

साहेबांनी कोट ओढला. मागोमाग शिंपीही आला. स्वतःची बाही त्यानं अस्तराला दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकली होती!

"तुम्हाला नेऊन उपयोग नाही," वकीलसाहेब म्हणाले, "तुमचं नाव साक्षीदारांत नाही."

बायकोनं त्याचा पंजा मांडीवर घेतला आणि एकेक टाका उसवायला बसली. बोटावर रक्ताचे दोन थेंब होते.

"सुई गेली, तेही कळलं नाही?"

"नाही."

"म्हणजे माझंच खरं."

शिंप्याला काहीतरी भारदस्त बोलायचं होतं. जमलं नाही. "तुझं डोकं होतं हातावर. काढला असता तर जागी झाली असतीस."

तिचे हात थांबले. वकीलसाहेब घड्याळ सोडून भिंत बघू लागले. मग ती पुन्हा उसवू लागली, पण सावकाश, फारच सावकाश. आठ महिने ज्या स्पर्शासाठी शिंपी झुरला, तो पाव तास त्याच्या हाताला होत होता आणि हाताला पत्ता नव्हता!

शेवटचा टाका निघाला, तिनं पंजा सोडला आणि नेमक्या त्याच वेळी हाताला मुंग्या आल्या.

वकीलसाहेब कोट घालत पळाले. ती चहा घेऊन बाहेर आली, तर शिंपी सुईत दोरा ओवत होता. शिवण्यासारखं समोर काही उरलं नव्हतं, एक तिची बाही सोडून.