हेडलाइट – पाहा: वायपर

व्हॅनचा हेडलाइट लागत नव्हता असं नाही. लागायचा. फक्त तो लागलेला राहावा म्हणून स्विच अंगठ्याने दाबून धरावा लागायचा, आणि मुलीला गाडी चालवायला दोन्ही हात लागायचे. अंधार पडला की आई शेजारी बसून अंगठा पुरवायची. पण मुलीच्या लॉन्ड्रीला रुग्णालयाच्या चादरी धुऊन पोचवायचं काम मिळवायचं, तर व्हॅन तपासणीत पास व्हायला हवी होती, आणि तपासनीस काही आईच्या अंगठ्याला व्हॅनचा भाग मानणार नव्हता.

तपासणी चार वाजता होती. पाचपर्यंत पास झाल्याचा कागद रुग्णालयात पोचला नाही, तर काम दुसऱ्या लॉन्ड्रीला. नवा स्विच मुलीने आणून ठेवला होता, पण इलेक्ट्रिशियनने ऐन वेळी फोन करून "उद्या सकाळी येतो" सांगितलं.

"इलेक्ट्रिशियन हवाय कशाला?" बाबा म्हणाले. "मी आहे की."

आई आणि मुलगी एकमेकींकडे बघू लागल्या. बाबा चौतीस वर्षं ग्रंथपाल होते आणि निवृत्त होऊन त्यांना आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघर खालून वर अकारविल्हे लावलं होतं. साखर 'स' मध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या फळीवर गेली होती. तिथे हात पोचायला स्टूल लागायचं. स्टूलही 'स' मध्येच येत असल्यामुळे ते साखरेच्या शेजारी ठेवलेलं होतं. आई आठ महिने बिनसाखरेचा चहा पीत होती.

"अहो, तुम्ही जन्मात एक बल्ब तरी बदललाय का?"

"बल्बमध्ये कसली आलीय पद्धत? हे पद्धतशीर काम आहे."

जुन्या व्हॅनमध्ये हेडलाइट, डिपर, इंडिकेटर, वायपर, हॉर्न ही सगळी मंडळी स्टिअरिंगखालच्या एकाच स्विचवर एकत्र कुटुंबासारखी नांदतात. बाबांनी डॅशबोर्डखाली उताणं पडून एकेक वायर सोडवायला घेतली. वीस वर्षांच्या धुळीने सगळ्या वायरींना एकच मातकट रंग दिला होता. पण बाबा गाफील नव्हते. प्रत्येक वायरीला त्यांनी दोऱ्याने चिठ्ठी बांधली आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात वायरीचं नाव लिहिलं. दोन्ही इंडिकेटरच्या वायरींवर 'डावा' आणि 'उजवा' असंही लिहिलं. मुलीला क्षणभर वाटलं, जमतंय की!

नव्या स्विचला मागे खाचांची एक रांग होती. कुठल्या खाचेत काय, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. सोबत माहितीपत्रकही नव्हतं. बाबांनी दोन मिनिटं विचार केला. इतक्या वस्तू एका रांगेत लावायच्या, तर कुठलाही शहाणा माणूस त्या कशा लावेल?

अडीच वाजता ते कपडे झटकत बाहेर आले. "लाव हेडलाइट."

मुलीने हेडलाइट लावला. उजवा इंडिकेटर लागला.

तिने हॉर्न दाबला. कुठूनच आवाज आला नाही, पण डावा इंडिकेटर उजळला. तिने उजवा इंडिकेटर दिला, तर वायपर उचकी लागल्यासारखा टकटक काचेवर आपटू लागला. घाबरून तिने वायपर चालू केला. आणि लख्ख, दणदणीत, अंगठ्याशिवाय, हेडलाइट लागला.

"लागला!" बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही वायरी कशा जोडल्यात?"

"अकारविल्हे."

मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. स्टिअरिंगमधला हॉर्न दाबला गेला आणि डावा इंडिकेटर पुन्हा उजळला.

"काढा सगळं. परत जोडा."

"खाचेत दाबून बसवल्यात. ओढल्या तर तुटतील," बाबा शांतपणे म्हणाले. "आणि गरज काय? पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं, म्हणून आम्ही कधी कपाटं हलवली नाहीत. सूची करायची." त्यांनी खिशातून एक कोरं कार्ड काढलं. निवृत्त होताना त्यांनी दोन खोकी घरी आणली होती.

चारला व्हॅन तपासणी केंद्राच्या अंगणात उभी होती. मुलगी स्टिअरिंगवर, शेजारी कार्ड घेऊन बाबा. तपासनीस उंच, निर्विकार गृहस्थ होते. हातात फॉर्म घेऊन ते समोर उभे राहिले.

"हेडलाइट!"

"हेडलाइट. पाहा: वायपर," बाबा कुजबुजले. हेडलाइट लागला.

"हॉर्न!"

"हॉर्न. पाहा: डिपर." हॉर्न वाजला.

"डावा इंडिकेटर!"

"पाहा: हॉर्न. थांबून थांबून दाब. एक, सोड, दोन, सोड…"

वायपर उचक्या देत फिरला. तपासनिसांनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण फिरतोय हे खरंच होतं. त्यांनी एकेक खूण केली. मुलीच्या जिवात जीव येतो न येतो, तोच ते दाराशी आले.

"उतरा. एक चक्कर मी मारून बघतो."

मुलगी उतरली. बाबा उतरले नाहीत. सूची सोडून वाचनालयाबाहेर जाण्याची त्यांची पद्धत नव्हती.

अंगणाच्या टोकाला एक मेकॅनिक टायर घरंगळवत चालला होता. तपासनिसांनी हॉर्न दाबला. डावा इंडिकेटर लागला. त्यांनी आणखी जोरात दाबला. इंडिकेटर तितकाच लागला. मेकॅनिक निवांत चालत राहिला.

"हॉर्न. पाहा: डिपर," बाबा म्हणाले.

तपासनिसांनी डिपर ओढला. हॉर्न असा काही बोंबलला की मेकॅनिक एकीकडे गेला आणि टायर दुसरीकडे. व्हॅन थांबली. मुलगी धावत आली. तपासनिसांनी कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं.

"हे कोणी केलं?"

"वायरिंग की सूची?"

"दोन्ही."

"मीच."

तपासनिसांनी फॉर्म वरून खालपर्यंत वाचला, मग खालून वर. "यात विचारलंय, लागतो का, वाजतो का," ते सावकाश म्हणाले. "कशाने, ते विचारलेलं नाही. बावीस वर्षांत मी फॉर्ममध्ये नाही ते कुणाला विचारलेलं नाही."

त्यांनी सही केली. मग थोडा विचार करून खाली एक शेरा लिहिला: 'वाहन चालवताना चालकाशेजारी सूचीसह जाणकार व्यक्ती असणे बंधनकारक.'

पाचला दहा कमी असताना कागद रुग्णालयात पोचला. काम मिळालं. रोज सकाळी आठ ते दुपारी दोन.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात कार्ड आणि हातात डबा घेऊन व्हॅनमध्ये जाऊन बसले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी दाढी केली होती. तेवढ्यात इलेक्ट्रिशियन उगवला. त्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं, तिथेच बराच वेळ हसला, आणि डोळे पुसत दारात उभ्या आईकडे आला.

"काकू, काही विशेष नाही. दहा मिनिटांत सरळ करून देतो. मग काकांना रोज जायची गरजच नाही!"

आईने एकदा व्हॅनकडे पाहिलं. बाबा मुलीला कार्डाची उजळणी करून दाखवत होते. मग तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीकडे पाहिलं.

"हळू बोल की रे," ती म्हणाली. "त्यांना जाऊ दे आधी."

व्हॅन निघाली आणि कोपऱ्यावरून डावीकडे वळली. हॉर्न दाबून.

"आता आत ये," आई म्हणाली. "उंच आहेस, तेवढं स्टूल खाली काढून दे. मग साखर काढते आणि आपण दोघं चहा घेऊ."