गौरीपुढे थांबणारी गाडी

तेहतीस वर्षं भय्यासाहेबांनी रेल्वेत गाड्या सोडल्या. त्यांच्या हाताखाली एकही गाडी विनाकारण थांबली नाही, असं ते स्वतः सांगत. दुसरं कोणी सांगायला नसल्यामुळे ते खरं धरावं लागे.

निवृत्तीनंतर राइट टाउन मोहल्ल्यातल्या घरात, जेवणाच्या टेबलावर, त्यांनी वीतभर डब्यांची खेळण्यातली रेल्वे मांडली. पहिल्या डब्यात काडेपेटीएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे गाडीचा मेंदू, इंजिनाच्या नाकावर सेन्सरचा डोळा. लॅपटॉपच्या पडद्यावर आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की प्रोग्रॅम तयार: समोर काही दिसलं तर थांब, वाट मोकळी झाली की चल. पुण्याला असणाऱ्या मेघनानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, हे फोनवरून शिकवलं होतं.

होळीपासून नवरा-बायको मांडीवर ताट घेऊन जेवत होते. चैत्रगौर त्याच टेबलाच्या टोकाला बसवली, तेव्हा विनतानं एकदाचा निकाल लावला. "शुक्रवारी हळदीकुंकू आहे. तुमची गाडी हरभरे घेऊन गौरीभोवती न थांबता फिरली, तर टेबल तुमचं. थांबली, तर शनिवारी सगळं खोक्यात."

"थांबेल काहून?" भय्यासाहेब म्हणाले. "माझी गाडी आहे."

सकाळी गाडी पन्नास फेऱ्या मारी, दुपारी साठ. संध्याकाळी सातला विनता हॉलमध्ये येऊन निरांजन लावी, हात जोडी, स्वयंपाकघरात जाई. आणि गाडी गौरीसमोरच्या वळणावर गप्प उभी!

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या तारा पुन्हा जोडल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचं डोकं चालू लागलं. आपण एकटे असलो की गाडी चालते, ही येऊन गेली की थांबते. आणि टेबल कोणाला हवंय?

"आत्ता तू तिथं काय करून राहिली होती?"

"दिवा लावून राहिली होती."

"बस? आणखी काही नाही?"

"आणखी काय करायचं असतं गौरीपुढे?"

उत्तर फारच सरळ होतं, म्हणून त्यांचा संशय वाढला. त्यांनी लॅपटॉपभोवती चिमूटभर रांगोळी भुरभुरली, बोटांचे ठसे मिळावेत म्हणून. ठसे मिळाले, पण त्यांचे स्वतःचेच. मग लॅपटॉप कपाटात गेला आणि किल्ली जानव्याला. तरी गाडी थांबली. विनता मेघनाशी फोनवर हळू आवाजात बोलते, हेही त्यांच्या लक्षात आलं. मायलेकी सामील असणार! शेवटी फुलदाणीमागे त्यांनी मोबाइल लपवून चित्रण केलं. त्यात चार मिनिटं विनताची पाठ दिसली, आणि ती पाठ त्यांना अत्यंत संशयास्पद वाटली.

शुक्रवारी हॉल बायकांनी भरला. भय्यासाहेबांनी घसा साफ करून गाडी सोडली. हरभऱ्यांचा डबा डुलत निघाला, वळणावर आला आणि गौरीसमोर थांबला.

भय्यासाहेबांचा तोल गेला. "विनता," ते अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय दाबलंस? रोज काय दाबतेस?"

विनताच्या हातातली कुंकवाची डबी हातातच राहिली. शेजारच्या गीतांजली दीदींना मात्र वेगळंच दिसलं होतं.

"भैया, किसी ने कुछ नहीं दबाया," त्या गौरीपुढे हात जोडून म्हणाल्या. "माताराम ने रोकी है."

बायका पुढे सरकल्या. उकडत होतं म्हणून कोणीतरी पंखा लावला. निरांजन विझलं आणि गाडी चालू लागली. विनतानं निरांजन पुन्हा लावलं. पुढच्या फेरीत गाडी पुन्हा तिथंच उभी! बायकांनी जोरात नमस्कार केले.

भय्यासाहेबांच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. इंजिनाचा डोळा ज्योतीचे उष्ण किरण टिपून तिला अडथळा समजत होता. दिवसभरच्या चाचण्या त्यांनी दिवा न लावता केल्या होत्या. ठोकळ्यांनी काम चोख केलं होतं. चुकला होता तो ठोकळे मांडणारा. त्यांना घरातून निघून जावंसं वाटलं, पण दारात चपलांचा ढीग होता.

ते विनतामागोमाग स्वयंपाकघरात गेले.

"टेबल राहू द्या," पन्हं ओतता ओतता ती म्हणाली. "तिकडच्या सदर मोहल्ल्यातल्या बायकापण उद्या दर्शनाला येणार म्हणतात."

"विनता, दिव्यामुळे होत होतं ते. मी उगाच..."

"फुलदाणीमागचा फोन मी तेव्हाच पाहिला होता." तिनं पन्ह्याचं भांडं खाली ठेवलं. "समोर काही दिसलं तर गाडी थांबते. तुम्हाला समोर बायको दिसली, तर तुम्ही कॅमेरा लावता."

"चुकलं माझं," ते पुटपुटले.

"आरोप हॉलमध्ये केला होता. इथं काहून सांगता?"

भय्यासाहेब हॉलमध्ये गेले. टेबलापुढे उभे राहिले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या बायकोनं काही केलेलं नाही. चूक माझी आहे."

"भैया," मागून गीतांजली दीदी म्हणाल्या, "जरा बाजू हो जाइए, दर्शन नहीं हो रहे."