उत्तर बरोबर, बादली चूक

"मी उद्या स्पर्धेला जाणार नाही म्हणजे नाही!" बिट्टीने पेन्सिल सोफ्याखाली भिरकावली. "मला टक्के जमत नाहीत."

स्पर्धा तोंडी गणिताची आणि बिट्टीचे वडील गणिताचे मास्तर. मास्तरांचीच लेक माघार घेणार म्हटल्यावर शाळेत तोंड कुठे लपवायचं, हा प्रश्न होताच. पण मास्तरांना त्याहून जास्त वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. गणितात इतकी गंमत आहे आणि ती आपल्याच पोरीला दिसत नाही!

बिट्टीची आई इस्पितळात परिचारिका होती. सकाळी निघताना ती बजावून गेली होती, "संध्याकाळपर्यंत बैठकीची खोली रंगवून ठेवा. फिका आकाशी हवा. आणि उगाच डोकं लावू नका." शेवटचं वाक्य मास्तरांनी ऐकलं नव्हतं. त्यांची नजर कोपऱ्यातल्या रंगाच्या डब्यांवर गेली आणि ते टुणकन उठले.

"बिट्टे, ऊठ! आज टक्केवारी भिंतीवर शिकायची. रंग जमला तर उद्या जायचं. बिघडला तर नको जाऊस."

"नक्की?"

"नक्की. आजोबा साक्षीदार."

"मला यात ओढू नका," आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणाले.

दुकानदाराने सांगितलं होतं, वीस लिटर पांढऱ्याला पाच टक्के निळा. मास्तरांनी बाह्या सरसावल्या. "सांग, विसाचे पाच टक्के किती?"

बिट्टीचा चेहरा पडला.

"अगं, उलटं कर! विसाचे पाच टक्के म्हणजेच पाचाचे वीस टक्के. उत्तर तेच येतं. आता पाचाचे दहा टक्के किती?"

"अर्धा."

"मग वीस टक्के?"

"एक!" बिट्टी ओरडली. "एक लिटर! बाबा, हे तर सोप्पंय!"

मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. दोघं हातात हात घालून खोलीभर नाचले. त्याच धुंदीत मास्तरांनी मोठ्या डब्यातून पाच लिटर पांढरा मोजून बादलीत ओतला, त्यात एक लिटर निळा रिकामा केला, ढवळला आणि एक अख्खी भिंत झपाझप रंगवली.

आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आकाशी म्हणाली होती ना सूनबाई? हे आकाश रात्रीचं दिसतंय."

"वाळला की उतरतो," मास्तर म्हणाले.

तो वाळला आणि आणखी गडद झाला.

बिट्टी बादलीकडे बघत राहिली. "बाबा, उत्तर उलटं केलं तरी तेच येतं. पण पांढरा वीसच लिटर घ्यायचा होता ना? तुम्ही पाचच घेतला."

मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि कपाळ निळं झालं. पण हार मानतील तर ते मास्तर कसले! "काही बिघडलं नाही. निळा पाच टक्के हवा होता, झाला वीस. पंधरा टक्के जास्त झाला. मग पंधरा टक्के पांढरा वाढवू! पाच लिटरचे दहा टक्के अर्धा, पाच टक्के पाव, झाला पाऊण लिटर!"

हिशोब चोख होता. पाऊण लिटर पांढरा गेला, त्याच भिंतीवर दुसरा हात बसला आणि भिंत होती तशीच निळीशार राहिली.

"थांबा!" बिट्टीने ब्रश हिसकावला. तिचे डोळे आता चमकत होते. "पाऊण लिटरने काय होतंय? बादलीतला सगळा रंग मोठ्या डब्यातच ओता, पांढरा आपोआप वाढेल." दोघांनी बादली उपडी केली, ढवळलं आणि दुसऱ्या भिंतीवर एक पट्टा ओढला. पट्टा दिसेचना.

"आता का नाही दिसत?" मास्तर रडकुंडीला आले.

"कारण अर्धा निळा त्या भिंतीने प्यायला! म्हणजे पाचाचे राहिले अडीच-तीन टक्के!" बिट्टी उड्या मारत होती. "बाबा, मी मनात केलं! न लिहिता!"

तीन भिंती होईपर्यंत संध्याकाळ झाली. त्या आकाशी आहेत हे शपथेवर सांगावं लागलं असतं. चौथी मात्र गडद निळी ती निळीच. मास्तर तिच्यापुढे हात पसरून उभे राहिले, जणू तेवढ्याने ती झाकली जाणार होती. इतक्यात दार वाजलं.

आई आत आली. तिने तीन भिंती पाहिल्या, मग नवऱ्याला हाताने बाजूला सारलं.

"ही भिंत कुणाला सुचली?"

मास्तरांनी बिट्टीकडे बोट दाखवलं, बिट्टीने मास्तरांकडे.

"किती दिवस मनात होतं माझ्या, एक भिंत अशीच गडद करायची," ती हरखून म्हणाली. "मामंजींना आवडणार नाही म्हणून आकाशीवर भागवलं."

"मला विचारायचं तरी," आजोबा म्हणाले. "मला फिका रंग मुळीच आवडत नाही."

मास्तरांनी सुस्कारा सोडला. रंग जमला होता. न जमूनही जमला होता. त्यांनी ऐटीत लेकीकडे वळून विचारलं, "मग उद्या जायचं ना, बिट्टे?"

"मी तर मगाशीच ठरवलं होतं," बिट्टी सोफ्याखालून पेन्सिल काढत म्हणाली. "रंग बिघडला असता तरी गेले असते. पण आई, सोबत तू चल. बाबा नकोत."

"का गं?"

"त्यांना उत्तर आलं की ते नाचतात. आणि मग चुकीची बादली घेतात."