गैरहजरांचे वकील

वामनराव नेरकर वकिलांनी माकडाचं वकीलपत्र घेतलं, तेव्हा मी त्यांच्या ओसरीवरच बसलो होतो. माकड निम्मे पापड घेऊन पसार झालं होतं आणि स्वयंपाकाच्या गिरजाबाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. वामनरावांनी हातातला कागद खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "गिरजाबाई, आरोपी हजर हाय का?"

"थे कायले थांबते? गेलं झाडावर."

"मंग त्याची बाजू कोन मांडंल?"

आणि त्यांनी ती मांडली. पापड उघड्यावर होते. राखणीला कोणी नव्हतं. या आवारातली माकडांची वहिवाट घर बांधण्याच्या आधीपासूनची आहे. शिवाय आरोपीनं निम्मे पापड जागेवर ठेवले, यावरून त्याचा हेतू लुटीचा नसून भुकेचा होता हे उघड आहे. गिरजाबाई म्हणाल्या, "मंग उद्या त्यालेच पाट मांडून जेवाले वाढतो," आणि भांडी आपटत आत गेल्या.

अमरावतीत सगळे त्यांना 'गैरहजरांचे वकील' म्हणत. जो समोर नाही त्याच्याविषयी कोणी वाईट बोललं की वामनराव उभे राहिलेच. पळून गेलेला गडी, न आलेला न्हावी, उशिरा येणारी आगगाडी, सगळ्यांची वकीलपत्रं त्यांच्याकडे. बाररूममधल्या वकिलांनी एकमेकांच्या कुचाळक्या करणं जवळजवळ सोडून दिलं होतं. चहा गार होईपर्यंत दुसरी बाजू कोण ऐकणार?

देशभरच्या वकिलांनी न्यायासाठी आणि समाजसुधारणेसाठी एक सभा काढली होती. तिची एक शाखा आमच्याकडे होती आणि मी तिचा चिटणीस. नागपूरहून वकिलीची परीक्षा देऊन आलेला. माझ्या अंगावर काळ्या कोटापेक्षा छापखान्याची शाई जास्त असे. पत्रकं वेळेवर छापून मिळाली, तर वऱ्हाडातला सगळा अन्याय वर्षभरात निकालात काढू, असा माझा हिशेब. त्या पत्रकांच्या भाषेची मला आजही लाज वाटत नाही. विहिरीवरून माणसाला हाकलणाऱ्या गावात जो गोड बोलतो, तो मला हाकलणाऱ्याचाच भाऊबंद वाटतो.

अशा माणसाला वामनराव म्हणजे जन्मठेप.

दर रविवारी आमची बैठक. पंधरा माणसं, सगळी एका विचाराची. मी ठराव मांडायचा, टाळ्या पडायच्या आणि वामनराव उठायचे. "ज्याच्याविरुद्ध ठराव हाय, तो या खोलीत नाही. मी हाय." मग तासभर ते देवळाचे पुजारी होत, सावकार होत, पोरीचं आठव्या वर्षी लग्न लावणारा बाप होत. एकदा तर एक नवे सभासद "अशा सनातन्यांत मी बसणार नाही" म्हणून पायताण घालून निघून गेले. आणि मताची वेळ आली की ठरावाच्या बाजूनं पहिला हात वामनरावांचा! वरच्या कचेरीतून मला विचारणा आली, की तुमच्या शाखेत एकही ठराव विनाविरोध कसा होत नाही? काय उत्तर देणार? माकडापासून सुरुवात करावी लागली असती.

एका बैठकीला मी तापामुळे गेलो नाही. माझ्या उद्धटपणाला कंटाळलेल्या मंडळींनी मला काढून टाकायचं ठरवलं. वामनराव पाऊण तास माझ्या बाजूनं बोलले आणि माझं पद वाचलं. पुढच्या रविवारी मी कृतज्ञतेनं त्यांच्या शेजारी जाऊन बसलो, तर तेच उठून म्हणाले, "चिटणिसाले काढावं, असा मी ठराव मांडतो. भाषा वाईट हाय, आयकून घेत नाही, अन् बैठकीचा वृत्तांत स्वतःले पाहिजे तसा लिवते."

"अहो, गेल्या रविवारी तुम्हीच..."

"गेल्या रविवारी तुमी नोयते."

असा हा माणूस काशीच्या प्रकरणात पडला, तेव्हा माझं डोकं फिरलं.

काशी परतवाड्याच्या माळ्याची सून. नवरा वारल्यावर अमरावतीला मामाकडे येऊन भाजी विकत होती. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनातला महादेव फिटर तिच्याशी पाट लावायला, म्हणजे विधवेशी लग्न करायला, तयार होता. पाट अंधारात, चोरासारखा लावायची चाल आहे. हा पाट भर दुपारी, मांडव घालून, वाजंत्री लावून करायचा, असं आमच्या सभेनं ठरवलं. अडलं ते मुलीपाशी. काशीची पाच वर्षांची चंद्री सासऱ्याजवळ होती. बाईनं पाट लावला की लेकरू पहिल्या घरचं, ही रीत. सासरा गणूजी पोरगी सोडायला तयार नव्हता, आणि पोरीशिवाय काशी अकोल्याला जायला तयार नव्हती. इकडे महादेवाच्या आईनं निरोप धाडला होता, की जिनाचा हंगाम लागायच्या आत काय ते करा, नाहीतर आम्ही दुसरी बघतो.

मी कोर्टात टाकायचा अर्ज लिहिला आणि त्याच्या आधी पत्रक छापलं. मथळा : 'परतवाड्याचा नरराक्षस'. बैठकीत ते मी खड्या आवाजात वाचलं. 'आईच्या कुशीतून दुधाचं लेकरू ओरबाडणारे ते रक्ताळलेले हात, ते करकरणारे दात...' काशी दाराशी मामाबरोबर बसली होती. टाळ्या पडल्या. वामनराव उठले.

"चिटणीस, हा गणूजी तुमी पाह्यला हाय का?"

"नाही."

"मंग दात कधी मोजले?"

मंडळी हसली. मी म्हणालो, "अन्याय डोळ्यांनी बघावा लागत नाही." पण त्यांनी तोवर गणूजीचं वकीलपत्र घेतलं होतं. बायको गेली, पोरगा गेला, घरात हाक मारायला एक पोरगी उरली. तीही द्यायची, तर त्या घराला दार तरी कशाला ठेवायचं? ते असं बोलले, की आमच्या अध्यक्षांनी उपरण्यानं डोळे पुसले. मी उसळून म्हणालो, "उद्या समोरचा वकील हेच कोर्टात बोलेल, आणि ते तुम्ही त्याला शिकवलेलं असेल!"

तेवढ्यात दाराशी काशी उभी राहिली. "मामंजीनं मले वाईट नाई वागवलं जी. पोट्टीची येनी थेच घालतेत. मले तशी जमत नाई." मग पदर आवळून म्हणाली, "पन पोट्टी मले पायजेच. थे माही हाय."

टाळी कोणी वाजवली नाही.

"अर्ज सोमवारी टाका," वामनराव मला म्हणाले. "त्याच्या आधी मले परतवाड्याच्या बाजाराचा एक दिवस द्या. अन् तुमी संगं चला. राक्षस पाहून घ्या."

मोटार लॉरीतून धूळ खात आम्ही परतवाड्याला पोचलो. गणूजीचा मळा बाजारापासून हाकेच्या अंतरावर. वांग्याच्या वाफ्यांपलीकडे एक वाळलेला म्हातारा बसला होता, पुढ्यात चंद्री, आणि तो तिच्या केसांतून फणी फिरवत होता. तोंडात दात दोनच होते.

मला वाटलं, आता वामनराव याला आणखी चढवणार. पण इथं गणूजी हजर होता, गैरहजर होती काशी! त्यांनी धोतर सावरून बांधावर बैठक मारली आणि काशीच्या बाजूनं असा दावा मांडला, की मी लिहिलेला अर्ज मला शाळकरी वाटू लागला. गणूजी ऐकत होता, पेड घालत होता. वेणी पुरी झाली, तेव्हा तो माझ्याकडे वळला. "माह्याबद्दल काही छापलं म्हनतेत तुमी. वाचा बरं."

मी वामनरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "वाचा. तो हजर हाय."

चौकाचौकांत मी पत्रकं वाचली आहेत. इतक्या हळू आवाजात ते एकच वाचलं. म्हातारा शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "दुधाचं लेकरू लिवलं, थे खोटं हाय. भाकर खाते थे, दीड दीड. बाकीचं शेजारीबी तसंच बोलून राह्यले." आणि मग वामनरावांना म्हणाला, "पोट्टी देतो म्हना. पन तिले पाहाची वाटली, त मी त्या घरी कोन म्हनून जाऊ? सुनेच्या नव्या नवऱ्याच्या घरी जुना सासरा कोन लागते, सांगा ना वकीलसायेब!"

मी मनातल्या मनात सगळा कायदा पालथा घातला. असं नातं त्यात नव्हतं.

"काशीचा बाप म्हनून जा," वामनराव म्हणाले. "तिचा बाप मेला हाय. जागा खाली हाय. मांडवात तूच उभा राह्य, तूच तिले दे."

"बोलनं सोपं हाय. तुमाले लेक हाय का?"

"हाय. अकोल्याले, जुन्या शहरात."

तीन वर्षं मी त्यांच्या ओसरीवर चहा पीत होतो. ही लेक मला ठाऊक नव्हती.

"जाता का तिच्या घरी?"

वामनरावांनी चष्मा काढला. "सात वर्सं झाली. नाही गेलो."

"रुसली?"

"थे नाही. मी."

गणूजीनं फणी खाली ठेवली. "मंग मले कोन्या तोंडानं सांगून राह्यले?"

"मुद्दा बरोबर हाय," वामनराव म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य कोर्टात कोणी ऐकलेलं नाही.

शेवटी अट गणूजीनंच घातली. "मी पोट्टीले घेऊन येतो अकोल्याले. पन आदी तुमी लेकीच्या घरी जा. मंग मी पोट्टीचा हात सोडतो. नाई त आलो तसा वापस."

लग्नाच्या दिवशी अकोल्याला जिनामागच्या मैदानात मांडव घातला होता. गणूजी खरोखर आला. चंद्रीला मांडीवर घेऊन मांडवाच्या बाहेर बसला, आत येईना. काशी आतून त्याच्याकडे बघत होती, महादेवाची आई सूर्याकडे. वामनरावांनी चार वेळा उपरणं झटकलं आणि म्हणाले, "चिटणीस, चला."

मोर्णा नदी ओलांडताना ते आपणहून बोलले. लेकीनं, सुशीलानं, शिंप्याच्या मुलाशी लग्न केलं, दवाखान्यातल्या कंपाउंडरशी, नोंदणी करून. "मिश्रविवाहाच्या ठरावाले सभेत मी पाठिंबा देल्ला होता," ते म्हणाले. "विरोध घरी केला."

दुसऱ्या कोणाचं हे कळलं असतं, तर संध्याकाळपर्यंत पत्रक निघालं असतं. मी तोंडावर सांगितलं, "वामनराव, हे ढोंग आहे."

"हाव," ते म्हणाले. "याच्यात दुसरी बाजू नाही."

जुन्या शहरातल्या त्या बोळात अत्तरवाला, पिंजारी, भाजीच्या पाट्या, सगळ्यांना वाट पुसत आम्ही दार गाठलं. तासतास बोलणारा तो माणूस दारापुढे नुसता उभा. कडी मीच वाजवली.

"कोन हाय?" आतून बाईचा आवाज.

वामनरावांनी घसा खाकरला. "वकील."

पावलं वाजली. मग दाराच्या अगदी जवळून : "कोनाचे?"

त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. "कोनाचाच नाही, सुशे. आज मी पक्षकार हाय."

दार उघडलं. तिचे हात पिठाचे होते. ती रडली नाही, पाया पडली नाही, नुसती बाजूला झाली आणि म्हणाली, "या. चहा टाकतो."

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण मला कुठं ते जमतं? "चहा नको," मी म्हणालो, "तिकडं लग्न खोळंबलंय!" आणि दारातल्या दारात तिला सगळं सांगितलं : काशी, गणूजी, चंद्री, म्हाताऱ्याची अट. ती बापाकडे पाहत राहिली. "म्हंजे त्यानं धाडलं म्हनून आले?"

इथं बाजू मांडायला केवढी जागा होती! वामनराव फक्त म्हणाले, "हाव. मले एकट्याले जमलं नसतं."

सुशीलानं हात धुतले, दाराला कुलूप घातलं आणि पुढे निघाली. ते तिच्या मागून चालत होते. कोणाच्या मागून चालताना मी त्यांना प्रथमच पाहत होतो.

आम्ही तिघं येताना गणूजीनं लांबूनच पाहिलं. तो उठला, चंद्रीच्या कपाळावर आलेले केस कानामागे सारले आणि तिला घेऊन मांडवात शिरला. भटजींनी विचारलं, "मुलीचे वडील कोण?" "मी," तो इतक्या जोरात म्हणाला, की वाजंत्रीवाल्यांना ती खूणच वाटली आणि त्यांनी मंगलाष्टकांआधीच ठोकायला सुरुवात केली.

वामनराव मांडवाच्या खांबापाशी लेकीजवळ उभे होते. त्या गलक्यात तिनं त्यांच्या कोटाची सुटलेली गुंडी बघितली आणि विचारलं, "जेवता ना बाबा वेळेवर?"

वामनरावांनी मान हलवली. मग त्यांनी ती गुंडी लावून घ्यायला कोट तिच्यापुढे केला.