तिच्यावर रागावताना लागणारं अव्यय

ओट्यावरून चमचा खणकन पडला. आतल्या खोलीत चार वर्षांची आभा कूस बदलून पुन्हा झोपली. तिच्या आईने, मोनालीने, रोखलेला श्वास सोडला आणि गाईड उघडलं. इंग्रजी क्रियापद एकटं घराबाहेर पडत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य पहिल्याच पानावर होतं. सोबत टू, फॉर, ॲट असं कुणीतरी लागतं. सोबत चुकली, की अख्खं घराणं अडाणी ठरतं.

रोडपालीजवळच्या त्या शाळेत ज्युनिअर केजीसाठी मुलाखत पालकांची होत असे. पद्धत अत्यंत न्याय्य. चार वर्षांच्या पोराला येतंच काय? सबब शंभर गुणांपैकी दहा मुलाच्या वयाला, नव्वद पालकांच्या प्रिपोझिशनला. गेल्या साली त्रेसष्ट मुलं आईवडिलांच्या 'मॅरिड विथ'पायी बाद झाली. (लग्न तसंच चालू आहे.)

"मी काय बोलनार नाय हां," बंदरात क्रेन चालवणारा तिचा नवरा शैलेश म्हणाला. "तूच बोल."

लिसन टू, वेट फॉर, डिपेंड ऑन. मोनालीला सगळं पाठ होतं. पण मुलाखतीत मुख्याध्यापिका अरुंधती मॅडमनी विचारलं, मुलगी जेवली नाही तर काय करता? आभाचं फुगलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि 'तिच्यावर' थेट इंग्रजीत उतरलं.

"आय गेट अँग्री ऑन हर."

"ऑन हर?" मॅडम हसल्या. "अंगावर बसून रागावता?"

"नाय मॅडम," शैलेशला राहवेना, "लांबूनच रागावते."

आठवड्याने पत्र आलं. 'वुई डिस्कस्ड अबाउट युवर चाइल्ड' आणि म्हणून प्रवेश नाही. (ज्या वाचकांनी इथला 'अबाउट' मनातल्या मनात खोडला, त्यांनी आपली निवड शाळेच्या प्रवेश समितीवर झाली असं समजावं.) पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, तोवर घरी फक्त शुद्ध इंग्रजी बोलावं, असा प्रेमळ सल्लाही होता.

मोनालीने तो तंतोतंत पाळला. आभाने भात भिंतीला फासला. मोनालीने तोंड उघडलं, ॲट की विथ ते ठरेना, मिटलं. दूध सांडलं. तेच. महिन्याभरात घरातलं रागावणं शून्यावर आलं; शिस्तीच्या इतिहासात एवढी प्रगती कुणी केली नसेल.

एका संध्याकाळी आभाने ताट मुद्दाम उलटं केलं आणि आईच्या तोंडाकडे बघत बसली.

"आई, तू माझ्यावर रागावत का नाहीस? मी आता दुसऱ्यांची झाले?"