नोंद नसलेली कावीळ

मानवी शरीर हे विश्वातलं सर्वांत मोठं गूढ आहे, असं मोठमोठे विद्वान सांगून गेले आहेत. निरीक्षकांचं शरीर त्याला अपवाद होतं. वेधशाळेत पस्तीस वर्षं रोज दोनदा हवेचं तापमान नोंदवणाऱ्या या गृहस्थांनी तितकीच वर्षं रोज दोनदा स्वतःचंही नोंदवलं होतं. शिंका, ढेकर, पोटरीतले गोळे, सगळं तारीखवार. कपाटात पस्तीस वह्या होत्या.

त्यामुळे साठी उलटलेल्या, साखर असलेल्या माणसांनी हिपॅटायटिस बीची लस घेतलेली बरी, असं डॉक्टरीणबाईंनी सुचवल्यावर निरीक्षक खुशीत आले. आधी दोघा नवरा-बायकोचं रक्त तपासलं.

"काकू, तुम्ही शनिवारी लस घ्यायला या," रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काकांना गरज नाही. त्यांना ही कावीळ पूर्वीच होऊन गेलीय."

"मला?"

"हो. बरीही झालीय. पुष्कळांना पत्ताच लागत नाही."

हे निरीक्षकांच्या फार जिव्हारी लागलं. साखर सोडली तर आयुष्यातला एकमेव खरा आजार त्यांच्या नजरेतून निसटला होता. "पण कधी?"

"ते रक्तावरून नाही सांगता येत."

"आणि कशामुळे?" पत्नीने विचारलं.

"दुसऱ्याचं रक्त, न उकळलेली सुई, न्हाव्याचा वस्तरा." डॉक्टरीणबाई टेबलावर पेन शोधू लागल्या. "शिवाय जवळीक."

घरी दोन स्वतंत्र चौकश्या सुरू झाल्या. निरीक्षक 'कधी' शोधत होते, पत्नी 'कुणापासून'. वह्या मात्र त्याच होत्या. जेवणाच्या टेबलावर त्यांची चळत लागली आणि जेवण ओट्यावर उभ्याने होऊ लागलं. तिसऱ्या दिवशी पत्नीला एका वहीत अकरा कोरे दिवस सापडले.

"हे काय?"

"टेकडीवरच्या केंद्रात पाठवलं होतं मला. माझा तापाचा थर्मामीटर फुटला होता."

"अकरा दिवस?"

"तिथे दुकान नव्हतं गं."

"आणखी कोण होतं तिथे?"

इथे 'शिपाई' एवढंच म्हणून गप्प बसणं शक्य होतं. पण खोटी नोंद करणं निरीक्षकांच्या रक्तात नव्हतं. "एक टंकलेखिका होती," ते म्हणाले. "तसं काही नव्हतं. एकदा पावसात तिला छत्री दिली, एवढंच."

"कुठली छत्री?"

निरीक्षक वहीत पाहू लागले.

"अहो, कुठली छत्री?"

"तुझी. निळी."

"ती बसमध्ये राहिली होती ना?"

त्या रात्री निरीक्षकांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत पडलं. नाडी शहाण्णव भरली, पण ती लिहून ठेवायची त्यांना इच्छा झाली नाही. चाळीस वर्षांचा संसार एका छत्रीखाली आला होता.

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. एकाच आडनावामुळे दोघांचे रिपोर्ट उलटसुलट झाले होते. कावीळ काकूंना होऊन गेली होती.

निरीक्षकांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि अत्यंत शांतपणे कोरी वही पुढे ओढली. "आता तू सांग. कशामुळे?"

पत्नी भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "धाकटीच्या बाळंतपणात रक्त चढवलं होतं मला. तेव्हा कुठे होत्या एवढ्या तपासण्या? दोन-अडीच महिन्यांनी डोळे पिवळे झाले. महिनाभर अंगात त्राण नव्हतं."

"तुला कावीळ झाली होती?"

"झाली होती. पथ्याचं माझं मीच करून खाल्लं."

"अगं, मग मला कसं कळलं नाही?"

"तुम्हाला तेव्हा सर्दी झाली होती."

वहीत लिहिण्यासारखं काही उरलं नाही. निरीक्षकांनी पेनाला टोपण लावलं आणि थोड्या वेळाने, न सांगता, अर्धी भाजी आपल्या पुढ्यात ओढून निवडायला घेतली. मेथीत त्यांनी देठच जास्त ठेवले. पत्नीने ते पुन्हा निवडले.

शनिवारी लस निरीक्षकांना टोचण्यात आली. चार सेकंद लागले. पुढचा डोस महिन्याने आहे.