एक पॉइंट कमी

"हा लय धावून राहिला. याले थोडा आळशी करतो."

मावशीच्या घरातली माझी ती पहिलीच संध्याकाळ. नोकरीसाठी उमरेडहून सक्करदऱ्याला राहायला आले होते, बॅग अजून दारातच होती. आतल्या खोलीत माझा मावसभाऊ निखिलदादा टीव्हीसमोर मांडी घालून बसला होता आणि जगातल्या एका नामांकित फॉरवर्डचा वेग कमी करत होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तो त्या फॉरवर्डशीच बोलत होता.

हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम. त्यात प्रत्येक खेळाडूचा वेग, दम, पासचा नेम, गोलकीपरची उडी, सगळं आकड्यांत असतं आणि ते आकडे बदलता येतात. सामान्य माणसं तिकडे एकदा बघतात आणि खेळायला लागतात. दादा खेळतच नाही. तो आकडे बदलतो, मॅच सुरू करतो, थोडा वेळ बघतो, "नाही, सेट नाही झालं," म्हणतो आणि बंद करतो. सीताबर्डीला मोबाईलच्या दुकानात दिवसभर उभा राहून आलेला, डोक्यावरचे केस विरळ होत चाललेला माणूस रोज संध्याकाळी हे करतो आणि याला तो काम म्हणतो.

"एक पॉइंट कमी" हे त्याचं जीवनाविषयीचं एकमेव मत. वरणात मीठ एक पॉइंट जास्त. कूलरचा पंप एक पॉइंट जोरात. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर तो सांगतो, "भाऊ, तर्री एक पॉइंट कमी." ठेलेवाला त्याच्याकडे बघतो आणि नेहमीएवढीच ओततो. दादा घास खाऊन मान डोलावतो. "पाह्यलं? आता बरोबर हाये."

गेल्या उन्हाळ्यात त्याला बघायला मुलीकडचे आले होते. मुलीने बिचारीने छंद विचारला. डिफेंडर फार हुशार असला की खेळ कसा बिघडतो, हे दादाने तिला चहा थंड होईपर्यंत समजावलं. "त्याची अक्कल कमी केली ना, का तो आपल्या जागेवर राह्यते," असं तो म्हणाला तेव्हा मुलीच्या आईने पर्स उचलली. मावशी अजून त्यांच्या फोनची वाट बघते.

मी घरात फारशी बोलत नाही. "कॉन्व्हेंटची पोरगी हाये, तिले मराठी जमत नाही," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मराठी मला चांगली जमते. माणसं जमत नाहीत.

काका म्हणजे दादाचे वडील. जिल्ह्यातल्या फुटबॉल सामन्यांत ते पंच असायचे. मी यायच्या थोडं आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. डॉक्टरांनी बोटं हलवत राहायला सांगितलं, दाबायला रबरी चेंडू दिला. काकांनी तो कपाटावर फेकला. "लहान पोट्टा समजते काय मले?" मग दादाने त्यांच्या हातात गेमचा कंट्रोलर दिला. तेव्हापासून सकाळच्या चहानंतर काका कॉम्प्युटरच्या टीमशी एक मॅच खेळतात. बहुतेकदा दोन-एकने जिंकतात. हरले की स्वतःच्याच खेळाडूंना शिव्या घालतात.

काकांचा अंगठा बटणावर उशिरा पोचतो. समोरचा गोलकीपर बरोबर तेवढाच उशिरा उडतो. हे मला एका सकाळी दिसलं आणि मी दादाकडे बघितलं. त्याने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"बाबाले सांगू नको वं. पंच माणूस हाये तो. समजलं त कंट्रोलरले हातच नाही लावणार. आन् हात हलला नाही त खतम."

म्हणून माझं मत बदललं, असं नाही. बापाचा हात हातात घेऊन सरळ व्यायाम करवता येत नाही, म्हणून परदेशातले अकरा जण मंदबुद्धी करून ठेवायचे! पण दिवाळीनंतर तो उलट्या दिशेला लागला. "कीपर एक पॉइंट वर नेला," तो एकदा कुजबुजला, "तरी बाबानं टाकला गोल. अंगठा चालून राह्यला वं त्याचा." एवढं बोलून तो मोरीत जाऊन उगीचच तोंड धुऊन आला.

मग एका रविवारी गेम आपोआप अपडेट झाला आणि सगळे आकडे मूळचे झाले. दादा अंघोळीला गेला होता. काका सात-शून्यने हरले.

त्यांनी हाक मारली. दादा टॉवेल गुंडाळून, कानात साबण घेऊन बाहेर आला.

"काहून गा, हे पोट्टे आज एकदम कसे शिकले?"

"बाबा, ते अपडेट..."

"म्हणजे आधी काय होते?"

दादा टॉवेलची गाठ पुन्हा घट्ट करू लागला.

"जिंदगीत कोणाले फुकटचा गोल देल्ला नाही मी. आन् माह्याच घरात मले फुकटचे गोल?" काकांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि वस्तू ठेवावी तसा मांडीवर ठेवला. "आजपासून बंद."

"जाऊ द्या ना आता," मावशी म्हणाली. काकांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ते माझ्याकडे वळले.

"श्वेता, तू त्याच्याजवळ बसतं. तू सांग वं. खरं सांग."

त्यांच्या मागे उभा राहून दादा जोरजोरात मान हलवत होता. साबणाचे थेंब फरशीवर पडत होते.

"त्याने समोरच्या खेळाडूंना कमी केलं होतं, काका," मी म्हणाले. "पण दिवाळीपासून तो त्यांना वाढवतोच आहे, आणि तुम्ही तरी जिंकताय. परवाच्या तुमच्या दुसऱ्या गोलला कीपर वेळेवर उडाला होता. तरी गेला तो आत. मी बघत होते."